एक किलोच्या आतलं तूप

आमचं घर धड गावात नव्हतं आणि धड गावाबाहेरही नव्हतं. नगरपालिकेची हद्द ज्या दगडापाशी संपायची, त्या दगडाला लागून जकात नाक्याची पत्र्याची खोली होती, आणि तिच्या पाठीला पाठ लावून आमची एक खोली. माझी चूल हद्दीच्या आत आणि कपडे वाळत घालायची दोरी हद्दीच्या बाहेर. नवी नवी आले तेव्हा मला याची मोठी गंमत वाटायची. ओलं लुगडं बाहेर नेऊन वाळलेलं आत आणलं तर त्यावर जकात बसते का, असं मी यांना एकदा विचारलं. हे हसले नाहीत. यांनी खरंच विचार केला आणि म्हणाले, "वापरलेल्या कपड्याला नाही बसत."

अशा माणसाबरोबर मी संसार केला.

गावाचं नाव सांगत नाही. परभणी जिल्ह्यातलं, बऱ्यापैकी बाजारपेठेचं गाव होतं, एवढं पुरे. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन-तीन वर्षं झाली होती. गावात येणाऱ्या मालावर तेव्हा नगरपालिका जकात घ्यायची. जुनी माणसं अजून निजामाच्या राज्यातला शब्द वापरायची, गाडी थांबवली की बैलाच्या शेपटीवर हात ठेवून म्हणायची, "आली का करोडगिरी?" गुळाची गाडी असो की कापडाचे तागे, आत यायचं तर वजन करायचं, पैसे भरायचे, पावती घ्यायची, मग रस्त्यावर आडवा टाकलेला बांबू वर जायचा. पावत्या फाडणं आणि बांबू वर करणं, हे यांचं काम.

यांचं घर पूर्णेचं. सासरे रेल्वेत गँगमन. खुर्चीवर बसून पगार घेणारे घरातले हे पहिले. आम्ही बौद्ध. आमच्या माणसाला शंभरपैकी शंभर मिळाले तर लोक पेपर पुन्हा तपासायला मागतात, हे यांना पक्कं ठाऊक होतं. त्यामुळे यांच्या पावतीपुस्तकात कधी खाडाखोड सापडली नाही, आणि यांच्या तोंडून कधी जास्तीचा शब्द निघाला नाही. पुस्तकातली सवय तोंडाला लागली होती.

आता यात माझं काय काम? काहीच नाही. दुखणं तेच होतं.

मी पालमकडची, नऊ माणसांच्या घरातली. तिथं एकटं बसायचं म्हटलं तर शेतात जावं लागायचं, आणि शेतात कोणी ना कोणी असायचंच. इथं आमच्या दारात दिवसभर माणसं थांबायची आणि त्यातल्या एकालाही थांबायचं नसायचं. जो तो बांबूकडे बघत उभा. माझ्याकडे बघायचा तो एकटा जिंतूरच्या एसटीतला खिडकीचा उतारू, तोही तीन मिनिटं. त्या तीन मिनिटांसाठी मी केस विंचरून दारात उभी राहायचे. एसटी गेली की धूळ खाली बसेपर्यंत तिथंच. मग आत येऊन पुन्हा केस सोडायचे, कारण उद्याही काहीतरी काम हवं होतं.

मी तेव्हा एकवीस वर्षांची, सातवी पास, आणि दोन्हींचा तोरा. वाचायला घरात काही नव्हतं म्हणून ती पोरगी नाक्याच्या भिंतीवरचा जकातीच्या दरांचा तक्ता वाचायची. कथील, कात, काथ्या, कापड, कापूर. महिनाभरात तिला अर्धा तक्ता पाठ झाला. भाकरी थापताना म्हणायची. हे जेवायला बसले की मधेच म्हणायची, "आज हिंगाची गाडी आली, तुमी हिंगाचाच दर लावला ना?" हे घास गिळून म्हणायचे, "लावला." बघा, कशी बायको होती. नगरपालिकेला फुकटात दुसरा कारकून मिळाला होता आणि नगरपालिकेला त्याचा पत्ताच नव्हता.

अशात भाद्रपदात मावशी आली.

मावशी म्हणजे माझी कोणी नव्हे. वालूरच्या बाजूच्या एका खेड्यातली, पन्नाशीची, कुणब्याची बाई. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर पितळेची चरवी, चरवीत तूप. भिजून चिंब झाली होती. नाक्यावर चरवी दाखवली, यांनी मान हलवली, बांबूखालून वाकून ती अलीकडे आली आणि माझ्या दाराशी टेकली.

"पानी हाय का वं माय?"

मी तांब्या घेऊन बाहेर आले. तिने उघड्या दारातून आत बघितलं, भिंतीवरच्या दोन तसबिरी बघितल्या, आणि ओंजळ पुढे केली. मी वरून पाणी ओतलं. ती प्याली, तोंड पुसलं, "बरं झालं" म्हणाली आणि गेली. आमच्या माहेरी, सासरी, सगळीकडे हे असंच चालायचं. त्यात वाईट वाटून घ्यायला मला सवडही झाली नाही.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली. तिसऱ्या दिवशी पुन्हा. आठवड्याभराने ओंजळीचा कंटाळा तिलाच आला असावा. "आण इकडं," म्हणून तिने तांब्या माझ्या हातून घेतला आणि घटाघटा तोंडाला लावला. मग तो पालथा घालून म्हणाली, "काय व्हायलं मला? उगं रोज अर्दं पानी पदरावर सांडायलं व्हतं."

त्यानंतर ती उंबऱ्यावर बसायला लागली, मग उंबऱ्याच्या आत. घटकाभर बसायची. म्हशी कशा रुसतात, सून कशी रुसत नाही पण बोलतही नाही, गावात कोणाच्या घरी तूप दाणेदार पडतं, सगळं सांगायची. मी तिला तक्ता म्हणून दाखवायचे. ती म्हणायची, "तुह्या नवऱ्यानं तुला पगारावर घेतलं पायजे." मी सकाळी उठून दोन माणसांचा चहा टाकायचे, आणि त्यातला एक कप यांचा नसायचा. हे आठ वाजता चहाचं भांडं घासलेलं बघून विचारायचे, "माझा चहा?" मग यांचाही टाकायचे.

दिवसात एवढं एक माणूस बोलायला असलं तरी बास होतं. बाकीचा दिवस मी ते पुन्हा पुन्हा उगाळायचे.

संक्रांतीला आम्ही पूर्णेला गेलो. मला लग्नात हातमशीन मिळालं होतं आणि ते धूळ खात होतं. तिथल्या एका दुकानात झंपराच्या कापडाचे तागे भाव उतरवून विकायला काढले होते. मी साठवलेल्या पैशातून एक लिंबाच्या रंगाचा आणि एक जांभळा असे दोन तागे घेतले. झंपर शिवून विकायचे, असा बेत. हे कामावर आदल्या दिवशीच परत गेले होते. मी एकटी एसटीने आले. दोन्ही तागे सासूबाईंनी दिलेल्या वाकळेत गुंडाळले, वरून सुतळी बांधली. एसटी नाक्यावर थांबली. हे वर चढून सामान बघत होते.

"यात काय?"

"वाकळ. आईंनी दिली."

यांनी वाकळेवर हात ठेवला आणि मला उतरायला हात दिला. एवढंच. गोष्ट अशी की विकायच्या कापडाला जकात होती. 'कापड' हा शब्द त्या पोरीला कथील आणि कापूर यांच्यामध्ये तोंडपाठ होता. पण तो दुसऱ्यांच्या कापडाला लागू आहे अशी तिची समजूत होती. दूध तापवणारी बाई साय खाते तेव्हा ती चोरी कोण म्हणतं? तसंच काहीसं.

मावशीला मी तागे दाखवले. तिने जांभळ्यावरून बोटं फिरवली. "लय मऊ हाय. पावती फाडलीस का?"

"आमच्याच नाक्यावर आमी कसली पावती फाडायची, मावशी?"

तिने तागा गुंडाळून परत ठेवला. पहिला जांभळा झंपर मी तिच्या मापाचा शिवला. तिने तो नेला, पण आठ दिवसांनी त्याचे पैसे आणून दिले. मी घेईना, तर चुलीच्या कडेला ठेवून गेली.

शिमग्याच्या सुमाराला नाक्याला चुना दिला. भिंतीवरच्या खुंट्या काढल्या. एका खुंटीला यांची छत्री आणि जुना कोट कायम लटकत असायचा, आणि त्याच्याआड तक्त्याचा खालचा भाग इतके दिवस झाकलेला होता. मी अधाशासारखी वाचायला गेले. खाली बारीक अक्षरात माफीच्या टिपा होत्या. त्यांतली एक अशी की कोणी स्वतः हातात किंवा डोक्यावर आणलेलं तूप किंवा लोणी एक किलोपर्यंत असेल तर त्याला जकात नाही.

मी ती टीप तीनदा वाचली. तेव्हा मला मावशीची चरवी दिसायला लागली. रोज तेवढीच भरलेली.

दुपारी यांना वाढताना विचारलं, "मावशीकडं किती तूप असतंय?"

"किलोच्या थोडं आत."

"आणि गावात?"

"पाच-सहा घरांचं गोळा करते. आठवड्याला सहा-सात किलो निघत असेल."

"मग ती बाजाराच्या दिवशी सगळं एकदम का आणत न्हाई?"

"एकदम आणलं तर जकात पडेल." यांनी भाकरीचा तुकडा मोडला. "म्हणून रोज आणते."

"मंजी चोरीच की."

"चोरी कशी? किलोला माफी आहे, ती किलोच्या आत आणते."

"पण तिच्याकडं सात किलो हाय."

"ते तिच्या घरी आहे. नाक्यावर किलोच आहे." आणि हात धुवायला उठले. यांच्या हिशेबी विषय संपला होता.

माझ्या हिशेबी तो तिथून सुरू झाला. पण जकातीचं मला काय पडलं होतं? मला हे कळलं होतं की मावशी रोज येते ती टिपेमुळे येते. मी मात्र आजवर समजत होते की ती माझ्याकडे येते. सहा महिने मी दोन कप चहा टाकत होते एका नियमासाठी. नगरपालिकेने माफी दोन किलोची केली असती तर ती दिवसाआड आली असती, आणि सात किलोची केली असती तर मला ती आठवड्यातून एकदा दिसली असती. हा हिशेब मी चुलीपुढे बसून केला आणि रडले. आज सांगताना हसू येतं. तेव्हा मात्र चूल विझेपर्यंत रडले.

दुसऱ्या दिवशी मी तिला सरळ विचारलं. वाटलं, काहीतरी गोड बोलेल. "मावशी, तुमी रोज कामून येता? एकदमच का न्हाई आणत?"

"पैसे पडतेत की माय," ती चहा फुंकत म्हणाली.

झालं. त्या पोरीने तोंड फुगवलं. चार दिवस चहात साखर कमी घातली. मावशीला ते कळलंही नसेल, तिला साखर कमीच लागायची.

पाचव्या दिवशी निरीक्षक साहेब आले. ते मोठे अधिकारी, सगळ्या नाक्यांवर फिरायचे. नाक्याचं उत्पन्न घटलंय म्हणून ते कुरकुरत होते. हे कापसाच्या ट्रकमागे वजनाचा कागद बघत होते. साहेब सावलीसाठी आमच्या दाराशी आले आणि सहज म्हणाले, "काय बाई, तुमच्या नाक्यावरून माल चोरून तर जात नाही ना?"

विचारायचं म्हणून विचारलं होतं. मी सांगितलं.

"एक बाई रोज थोडं थोडं तूप नेती. जकात चुकवायला."

का सांगितलं, ते मी तेव्हा स्वतःला असं समजावलं की यांच्या नोकरीला जपलं पाहिजे. आमच्या घरात बसणारी बाई उद्या पकडली गेली तर लोक यांच्याकडेच बोट दाखवतील. हे खरंही होतं. पण त्या क्षणी माझ्या मनात नोकरी नव्हती. मावशीला चार माणसांत कोणीतरी थांबवावं आणि तिने माझ्याकडे बघावं, असं माझ्या मनात होतं. माणूस एकटं पडलं की त्याच्या डोक्यात असलं काय काय शिजतं.

आणि नेमकी ती रस्त्याने येताना दिसली.

साहेबांनी तिला थांबवलं. चरवी खाली उतरवली, तागडीत टाकली. वजन भरलं दोन किलोच्या वर.

"एक किलो काय गं? हे बघ."

"साहेब, चरवीचं वजन वजा करायला पायजे की," मावशी म्हणाली.

हे ट्रकमागून धावत आले. "साहेब, रिकामी चरवी मी पहिल्याच दिवशी तोलून ठेवलीय. वहीत आहे."

"तुमची वही ठेवा तुमच्याजवळ. हिचा तुमच्या घरी चहा चालतो, गाडीवान सांगतात." साहेब माझ्याकडे वळले. "एक भांडं आणा. तूप ओतून चरवी तोलू."

मी आतून पातेलं घेऊन आले. ते हातात घेऊन उभी राहिले तेव्हा कुठं माझ्या ध्यानात आलं. नाक्यावर पाच-सात गाडीवान खोळंबले होते आणि सगळे बघत होते. मावशीचं तूप पेठेतल्या मोठ्या घरांत जायचं, देवासमोरच्या समईला आणि श्राद्धाच्या पानाला. आमच्या पातेल्यातून गेलेलं तूप त्या घरांत चाललं नसतं. साहेबांच्याही ते ध्यानात आलं. ते जरा घुटमळले. "दुसरं कोणाचं भांडं नाही का इथं?"

मावशीने माझ्या हातातलं पातेलं धरलं. "ह्याच्यातच वता, साहेब. मी रोज हितंच पानी पेते."

ओतलं. चरवी तोलली. तूप किलोला थोडं कमीच भरलं. साहेबांनी रुमालाने हात पुसले आणि मला म्हणाले, "बाई, ही जकात चुकवत नाही. टाळते. टाळायला बंदी नाही. नियमानं दार उघडं ठेवलंय, ती त्यातून जाते. कुंपणातून कोणी घुसलं तर सांगा."

माझी नात आता लोकांच्या आयकराचे कागद भरते. परवा तिने मला जेवताना हेच समजावलं, कायद्यात राहून कर वाचवणं वेगळं आणि लपवून बुडवणं वेगळं. तिने दोन इंग्रजी शब्दही सांगितले. मी "हो का," म्हटलं.

तर साहेब निघता निघता मावशीकडे वळले. "तू रोज इथून जातेस. कोणी काही लपवून आणताना बघितलंस का?"

माझ्या खोलीचं दार उघडं होतं. दारातून मशीन दिसत होतं आणि मशीनवर लिंबाच्या रंगाचा तागा अर्धा उलगडून पडला होता. मावशी त्या दारासमोरच उभी होती. तिने एक शब्द बोलायची खोटी, यांची नोकरी तिथंच संपत होती. पहिली नोकरी. पूर्णेला सासरे ती शेजाऱ्यांना सांगत फिरायचे. मी रिकामं पातेलं पोटाशी धरून उभी होते आणि ती बोलणार याची मला खात्री होती, कारण तिच्या जागी मी असते तर बोलले असते. पाच मिनिटांपूर्वी बोललेच होते.

मावशी चुंबळ नीट करत म्हणाली, "मी खाली बगून चालती साहेब. डोईवर तूप असतंय."

चरवी डोक्यावर घेऊन ती गावात गेली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी दोन कप चहा टाकला. ती आली नाही. तिसऱ्या दिवशी नाही. चौथ्या दिवशी सकाळी मी दोन्ही तागे, एक अख्खा आणि एक उरलेला, उचलले आणि नाक्याच्या खिडकीशी जाऊन यांच्यापुढे ठेवले.

"याची पावती फाडायची हाय."

यांनी ताग्यांकडे बघितलं. मग वाकळेचं सगळं यांच्या डोक्यात उलगडलेलं मला दिसलं. हे मला एक शब्द बोलले असते तर फार बरं झालं असतं. पुस्तक उघडलं, पेन उचललं आणि विचारलं, "नाव?"

दोन वर्षांची बायको. मी नाव सांगितलं.

"माल कुठून आणला?"

"पूर्णेहून."

"कधी?"

"संक्रांतीला."

"लपवून?"

"व्हय."

यांनी सगळं लिहिलं. जकात आणि तिच्यावर दंड, असा मिळून आकडा टाकला. तो भरायला माझे झंपरांचे सगळे पैसे गेले आणि डब्याच्या तळाचे चार आणेही. मग हे ती पावती घेऊन सायकलवरून नगरपालिकेत गेले. मी म्हटलं, कशाला दाखवता, पैसे भरले की. हे म्हणाले, "मावशीनं नियम वाचला नव्हता, तिला वाचताच येत नाही. कोणीतरी सांगितला, आणि ती त्याच्या आत राहिली. तुला सगळा तक्ता पाठ." एवढं बोलून थांबले. एका दमात इतकं बोललेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

नोकरी गेली नाही. लेखी ताकीद मिळाली आणि यांना दुसऱ्या नाक्यावर टाकलं, गावाच्या पलीकडच्या अंगाला. तिथं राहायला खोली नव्हती, म्हणून आम्ही होतो तिथंच राहिलो. हे सकाळी सायकल काढून जायचे ते दिवेलागणीला यायचे. आमच्या नाक्यावर नवा कारकून आला. त्याने मला वहिनी म्हणून हाकही मारली, पण माझ्या दाराशी तो कधी टेकला नाही. ज्या घरानं आपल्याच माणसाला ताकीद मिळवून दिली, तिथं टेकायला कोण येईल? मी मशीन झाकून ठेवलं. केस विंचरून दारात उभं राहणंही सोडलं. जिंतूरची एसटी यायची आणि जायची, मी आत बसून तिचा आवाज ऐकायचे.

वैशाखात एकदा जेवताना हे आपणहून म्हणाले, "मावशी आता माझ्या नाक्यावरून जातात."

माझा हात थांबला. "तिकडून?"

"त्यांच्या गावाला तोच रस्ता जवळ. अर्धा कोस तरी वाचतो. पेठेतली दोन घरं सुटलीत म्हणे त्यांची. कोणीतरी गाडीवान पातेल्याचं बोलला."

"मग आधी आपल्याकडून कामून यायच्या?"

"पावसाळ्यात त्या रस्त्यावरचा ओढा भरतो. तेव्हा सगळेच आपल्याकडून येतात."

"ओढा कधी आटतो?"

"दिवाळीपर्यंत."

मी बोटं मोजली. दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगा गेला. चार-साडेचार महिने ओढा कोरडा होता. रोज अर्धा कोस जास्तीचा, डोक्यावर तूप घेऊन, परतीचा अर्धा कोस धरला तर एक कोस. नियमात हे कुठंच नव्हतं. तिकडच्या नाक्यावरही किलोची तीच माफी होती.

"शिमग्यापर्यंत येत होत्या," मी म्हटलं.

"ते मला काय विचारतेस?" असं म्हणून यांनी ताट बाजूला केलं.

दुसऱ्या दिवशी यांचा डबा विसरला असं दाखवून मी गाव ओलांडून त्या नाक्यावर गेले. डबा मीच पिशवीतून काढून ठेवला होता. लपवाछपवीची खोड अजून पुरती गेली नव्हती. लिंबाखाली बसून राहिले. मावशी आली. चरवी खाली ठेवली. यांनी तोलली. मी उठून पुढे झाले.

"मावशी."

"बरं हाय का?" ती म्हणाली. रागाने नाही. बाजारात कोणालाही विचारावं तसं.

"मी लय चुकले मावशी. मला वाटलं व्हतं तुमी नुसतं जकातीपायी यायलात."

तिने चुंबळ हातात घेऊन जराशी फिरवली. "आता उन व्हायलंय माय. तूप पातळ व्हतंय."

यांनी चरवी उचलून तिच्या डोक्यावर दिली आणि ती गेली.

मी दुसऱ्या दिवशीही गेले, आणि नंतर कितीतरी दिवस. डब्याचं निमित्त संपलं तेव्हा निमित्ताशिवाय गेले. ती कधी तोंड फिरवून गेली नाही. "बरं हाय का" म्हणायची, मी सुनेचं विचारलं की "बरी हाय" सांगायची, म्हशीचं विचारलं की "देती दूध" सांगायची. काटा स्थिर व्हायला जेवढा वेळ लागतो तेवढा वेळ ती माझ्याशी बोलायची. त्याच्या आत मी काहीही विचारलं तर उत्तर मिळायचं. काटा थांबला की चरवी वर आणि ती रस्त्याला. त्यावर एक शब्द जास्त मला तिच्याकडून पुन्हा कधी मिळाला नाही, आणि तक्रार करावी असं तिनं काही केलंही नव्हतं.

पुढे पावसाळा लागला, ओढा भरला, आणि तिकडचे सगळे लोक आमच्याकडून यायला लागले. मी रोज सकाळी रस्त्याकडे बघायचे. ती त्यांच्यात नव्हती. ओढ्याला कमरेएवढं पाणी असताना चरवी दोन्ही हातांनी वर धरून ती तिकडूनच जाते, असं हे सांगायचे.